'चीप' कुठे म्हणायचं, कुठे टाळायचं

मराठीत 'तो फार चीप आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं: माणूस हलक्या वृत्तीचा आहे, थिल्लर आहे, चारचौघांत नको ते बोलतो. हेच वाक्य कुणी अमेरिकेतल्या सहकाऱ्यापुढे 'ही इज व्हेरी चीप' असं बोललं, तर त्याला वेगळंच ऐकू येतं. हा माणूस चिक्कू दिसतो, हॉटेलात बिल आलं की याचा हात खिशाकडे जात नसणार. वाक्य कळलं असं दोघांनाही वाटतं आणि दोघांच्या डोळ्यांपुढे दोन निराळी माणसं उभी राहतात. कुणालाच शंका येत नाही, म्हणून हा गैरसमज दुरुस्तही होत नाही.

शब्द सोपा, इंग्रजीत पाच अक्षरांचा (cheap), शाळेत पाचवी-सहावीत शिकलेला. इंग्रजीत त्याच्या पोटात निदान चार अर्थ नांदतात: कमी किमतीचा; कमी दर्जाचा; कष्टाविना मिळालेला आणि म्हणून मोल नसलेला; आणि खर्चाला हात आखडणारा. मराठीने यातला किमतीचा अर्थ जवळजवळ सोडून दिला. मंडईत 'आज मेथी चीप आहे' असं कुणी म्हणत नाही, मेथी स्वस्तच असते. 'चीप' आपण राखून ठेवला तो वागण्याला, विनोदाला, कपड्यांना. त्यामुळे मराठी माणूस इंग्रजी बोलताना दोन बाजूंनी चुकू शकतो. पुस्तकातला 'चीप म्हणजे स्वस्त' हा अर्थ धरून तो भेटवस्तूला चीप म्हणतो आणि देणाऱ्याला दुखावतो, किंवा बोलीतला 'चीप म्हणजे हलका' हा अर्थ धरून माणसाला चीप म्हणतो आणि भलताच आरोप करून बसतो.

शब्द आला कुठून

गंमत अशी की मुळात या शब्दात स्वस्ताईचा मागमूसही नव्हता. जुन्या इंग्रजीत तो नाम होता, साधारण 'चेआप' असा उच्चार, आणि अर्थ होता व्यापार, देवघेव, सौदा. त्याच्याही मागे जायचं तर लॅटिनमधला 'कौपो' लागतो. कौपो म्हणजे किरकोळ विक्रेता, खाणावळवाला, दारू विकणारा. रोमन साम्राज्याच्या उत्तर सीमेवर जर्मानिक टोळ्यांची, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डॅनिश या भाषांच्या पूर्वज-भाषा बोलणाऱ्यांची, गाठ अशाच लोकांशी पडे, आणि 'खरेदी-विक्री' हा अर्थ घेऊन तो शब्द त्यांच्या भाषांत शिरला.

त्याची भावंडं आजही युरोपभर सापडतात. जर्मनमध्ये विकत घेणं म्हणजे 'काउफेन', डॅनिशमध्ये 'क्यूबे'. रशियन 'कुपित' हाही जर्मानिक भाषांतून उसना घेतलेला. कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर. स्वीडनमधल्या लिंकोपिंग, नॉरकोपिंग या गावांच्या नावांतलं शेपूटही बाजाराचंच. बाकी सगळीकडे 'क' आणि इंग्रजीतच 'च' का, तर जुन्या इंग्रजीत पुढे इ-एसारखा स्वर आला की क चा च होई. जर्मन 'किन' म्हणजे हनुवटी, ती इंग्रजीत 'चिन' झाली. 'वाक्य' आणि 'वाचा' ही जोडी रोज वापरणाऱ्या आपल्याला क-चची ही अदलाबदल परकी वाटायला नको.

म्हणून लंडनमधल्या 'चीपसाइड' या रस्त्याच्या नावाचा अर्थ 'स्वस्त बाजू' असा करू नये. तो मध्ययुगीन लंडनचा मुख्य बाजाररस्ता. त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांची नावं अजूनही ब्रेड स्ट्रीट आणि मिल्क स्ट्रीट अशी आहेत, आणि पूर्वेच्या टोकाला पुढचा रस्ता पोल्ट्री नावाचा. जिथे जे विकलं जाई तेच नाव, धंद्यावरून पडलेल्या आपल्याकडच्या तांबट आळीसारखं. इंग्लंडच्या नकाशावर चिपिंग नॉर्टन, चिपिंग कॅम्पडेन अशी गावं दिसतील. तिथला 'चिपिंग' म्हणजे बाजार, अर्थाने पुण्यातल्या 'पेठ'चा भाऊ. 'चॅपमन' हे आडनाव फिरत्या व्यापाऱ्याचं, जर्मन 'काउफमान'च्या जोडीचं. चॅपमनचा तुकडा पाडून सोळाव्या शतकात 'चॅप' झाला. आधी त्याचा अर्थ गिऱ्हाईक होता, पुढे 'गडी, पोरगा' असा सैल झाला.

मग व्यापाराचा शब्द स्वस्ताईचा कसा झाला? मधली पायरी आहे 'गुड चीप' या जोडशब्दाची, म्हणजे 'चांगला सौदा'. फ्रेंच माणूस आजही स्वस्तला 'बाँ मार्शे' म्हणजे 'चांगला बाजार' म्हणतो, तीच घडण. बोलता बोलता 'गुड' गळून पडलं, आणि इ.स. १५००च्या सुमारास एकटा 'चीप' विशेषण म्हणून उभा राहिला. त्याच घरातलं क्रियापद 'चीपन' सोळाव्या शतकात 'भाव करणं, घासाघीस करणं' या अर्थाने वापरत; किंमत उतरवणं आणि मग पत उतरवणं हे अर्थ नंतरचे.

सौद्यापासून स्वस्ताईकडे आणि स्वस्ताईपासून हलकेपणाकडे, असा हा उतार आहे. जर्मन 'बिलिग' तसाच घसरला: आधी न्याय्य, मग वाजवी भावाचा, मग स्वस्त, आणि आता अनेकदा हलका. आपल्याकडे या वाटेने 'सवंग' गेला. संस्कृत महार्घ म्हणजे मोठ्या मोलाचा, त्याचा मराठीत 'महाग' झाला. त्याच्या जोडीचा समर्घ म्हणजे कमी मोलाचा, त्याचा 'सवंग' झाला. जुन्या मराठीत सवंग म्हणजे सरळ स्वस्त. आज आपण सवंग ज्वारी म्हणत नाही, सवंग लोकप्रियता आणि सवंग विनोद म्हणतो. भाषांतर करणाऱ्यांनी ही जोडी हाताशी ठेवावी. 'चीप पॉप्युलॅरिटी'ला 'स्वस्त लोकप्रियता' असा प्रतिशब्द छापलेला दिसतो तेव्हा वाईट वाटतं, कारण नेमका शब्द घरातच होता.

उच्चार

चीप दीर्घ, बटाट्याची किंवा संगणकातली चिप ऱ्हस्व. आपली अडचण दीर्घाची नाहीच, ऱ्हस्वाची आहे. मराठीत शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीचा इकार आपण सहज लांबवतो: गरीब, वकील, जमीन. त्याच सवयीने 'चिप' तोंडातून 'चीप' होऊन बाहेर पडते आणि 'धिस चिप इज नॉट चीप' या वाक्यात दोन्ही शब्द एकसारखे ऐकू येतात. उपाय सोपा आहे. 'चिप्स' हा शब्द आपण बरोबर उच्चारतो, कारण जोडाक्षराआधीचा इकार आखूडच राहतो. मोठ्याने 'चिप्स' म्हणा, मग इकाराला हात न लावता फक्त 'स' काढून टाका. उरते ती खरी ऱ्हस्व चिप. 'शिप-शीप', 'लिव्ह-लीव्ह', 'फिल-फील' या जोड्या अशाच सुटतात.

वस्तूला चीप म्हणण्याआधी

एकच प्रश्न विचारावा: या वस्तूचा दर्जा किमतीबरोबर बदलतो का?

विजेचं एक युनिट कुणीही विकलं तरी तेच. मुंबई-दिल्ली विमानाचं तिकीट, पेट्रोलचा लिटर, कर्जावरचं व्याज, फोनवरचा डेटा यांतही भाव उतरला म्हणून माल हलका होत नाही. अशा ठिकाणी चीप बिनधास्त वापरावा: चीप इलेक्ट्रिसिटी, चीप फ्लाइट्स, चीप लोन्स, चीप डेटा. इथे तो निव्वळ किमतीबद्दल बोलतो, त्यात शेरा नसतो.

सूट, अत्तर, दारू, फर्निचर, दागिने, हॉटेल यांचं तसं नाही. 'चीप परफ्यूम' म्हटलं की इंग्रजी कानाला उग्र वास येतो, 'चीप सूट' म्हटलं की खांद्यावर चुण्या दिसतात. किंमत सांगायची होती, पण वाक्याने दर्जा सांगून टाकला.

याला जोडून शब्दाची जागा पाहावी. नामाच्या आधी आलेला चीप जास्त टोचतो, क्रियापदानंतरचा कमी. 'दे सर्व्ह्ड चीप वाइन' म्हणजे यजमानांनी हलकी दारू पाजली. 'वाइन इज चीप इन पोर्तुगाल' म्हणजे पोर्तुगालमध्ये वाइनचे भाव कमी. शब्द तोच, पण पहिल्या वाक्यात तक्रार आहे आणि दुसऱ्यात माहिती. शंका असेल तेव्हा नामाच्या आधीचं विशेषण उचलून 'इज'च्या नंतर न्यावं. निम्मा धोका तिथेच टळतो.

आणि बोलणारा कोण, हेही महत्त्वाचं. स्वतःच्या घड्याळाबद्दल 'इट वॉज चीप' म्हणणं हा आपला प्रांजळपणा झाला. दुसऱ्याच्या घड्याळाकडे पाहून 'इट लुक्स चीप' म्हणणं हा अपमानच, आपल्या मनात काहीही असो. भेटवस्तूच्या बाबतीत तर हा शब्द तोंडातच आणू नये. मित्राने कमी किमतीत छान वस्तू मिळवली याचं कौतुक करायचं असेल तर 'व्हॉट अ बार्गेन' किंवा 'दॅट्स अ ग्रेट प्राइस' म्हणावं.

चीपच्या जागी काय घालायचं ते कशावर भर द्यायचा त्यावर ठरतं. 'इनएक्स्पेन्सिव्ह' हा सर्वांत निर्धोक. किंमत कमी, दर्जाबद्दल मौन. 'अफोर्डेबल' म्हणजे परवडणारं. त्यात घेणाऱ्याची ऐपत गृहीत असते, म्हणूनच परवडणाऱ्या घरांच्या योजनांत हाच शब्द येतो. 'रीझनेबल' म्हणजे वाजवी. वस्तू महाग असूनही भाव रीझनेबल असू शकतो. 'बजेट' आणि 'लो-कॉस्ट' धंद्याचा प्रकार सांगतात: बजेट हॉटेल, लो-कॉस्ट एअरलाइन. 'इकॉनॉमिकल' म्हणजे वापरायला कमी खर्च येणारं. गाडी विकत घेताना महाग पडली पण लिटरला चांगलं अ‍ॅव्हरेज देते, तर ती इकॉनॉमिकल आहे. तिला 'इकॉनॉमिक' म्हणू नये. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित, आणि ही चूक आपल्याकडच्या अर्जांत व अहवालांत फार आढळते.

भाव चीप नसतो

'द प्राइस इज चीप', 'चीप रेट्स' ही वाक्यं आपल्याकडे पाट्यांवर सर्रास असतात. काटेकोर इंग्रजीत वस्तू चीप असते, किंमत 'लो' असते. मराठीचा कान इथे मदतीला येतो. कांदा स्वस्त होतो आणि कांद्याचा भाव उतरतो. 'भाव स्वस्त झाला' असं आपणही म्हणत नाही. मात्र 'स्वस्त दरात' म्हणतो, आणि तिथूनच 'चीप रेट' जन्माला येतो. लिहिताना 'लो प्राइसेस', 'लो रेट्स' करावं.

तुलना करताना तीन चुका नेहमीच्या. 'मोअर चीप' नाही, 'चीपर'. 'व्हेरी चीपर' नाही, 'मच चीपर' किंवा 'फार चीपर'. हा इंग्रजी 'फार' योगायोगाने आपल्या 'फार'सारखा ऐकू येतो, म्हणून लक्षात राहायला सोपा. ही चूक होते कारण मराठीत 'खूप स्वस्त' आणि 'त्याहून खूप स्वस्त' दोन्हीकडे 'खूप'च चालतो. तिसरी म्हणजे 'टू टाइम्स चीपर'. दोन पट स्वस्त याचा हिशोबच लागत नाही. १,००० रुपयांची वस्तू ५०० ला मिळाली तर 'हाफ द प्राइस' म्हणावं.

क्रियाविशेषणात दोन रूपं आहेत आणि दोन्ही बरोबर, पण कामं वेगळी. खरेदी-विक्रीच्या क्रियापदांबरोबर साधा चीप येतो: 'आय बॉट इट चीप', 'ही सोल्ड इट चीप', 'देअर्स अ बाइक गोइंग चीप'. घडण्याबद्दल, बांधण्याबद्दल, जगण्याबद्दल बोलताना 'चीपली': 'चीपली मेड शूज' म्हणजे खर्च वाचवून केलेले बूट, 'लिव्ह चीपली' म्हणजे थोडक्यात भागवणं. 'ऑन द चीप' हा तिसरा प्रयोग. 'दे डिड द रिपेअर्स ऑन द चीप' याचा अर्थ दुरुस्ती कमी पैशांत उरकली, आणि बोलणाऱ्याच्या मते ती टिकणार नाही.

माणसाला चीप म्हणताना

अमेरिकन इंग्रजीत चीप माणूस म्हणजे कंजूष. टीप न देणारा, वर्गणीच्या वेळी गायब होणारा. 'चीपस्केट' हे त्याचंच नाम. ब्रिटनमध्ये त्या जागी 'मीन' किंवा 'टाइट' जास्त ऐकू येतं. पण 'मीन' अमेरिकेत गेला की त्याचा अर्थ दुष्ट, खवचट होतो. तेव्हा दोन्हीकडे चालणारा शब्द हवा असेल तर 'स्टिंजी' घ्यावा. काटकसरी माणसाला यातलं काहीच लावू नये. तो 'फ्रूगल' किंवा 'थ्रिफ्टी', आणि ती स्तुती आहे.

मराठी 'चीप' इंग्रजीत नेताना आधी तो कशाबद्दल आहे हे ठरवावं लागतं, कारण त्याला एकच प्रतिशब्द नाही. पाठीमागे कारस्थान केलं, विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर आणलं, तर 'दॅट वॉज अ लो थिंग टु डू'. क्षुल्लक गोष्टीवरून हिशोब काढत बसला, तर 'पेटी'. शोकसभेत अचकट-विचकट बोलला, तर 'क्रास'. भडक, बेचव सजावट किंवा पोशाख, तर 'टॅकी'. बाईमाणसाबद्दल तर चीप वापरूच नये. इंग्रजीत तो थेट चारित्र्यावरचा शिंतोडा ठरतो आणि नंतर 'मला तसं म्हणायचं नव्हतं' याला कुणी किंमत देत नाही. 'इट मेड मी फील चीप' हा प्रयोग वेगळा: त्या प्रसंगाने मला माझ्याच नजरेत उतरवलं.

ठरलेल्या जोड्या

'चीप शॉट' म्हणजे वादात मुद्दा सोडून वर्मावर मारलेला टोला. 'चीप जोक', 'चीप थ्रिल' यांतला चीप हा तिसऱ्या अर्थाचा, म्हणजे फार सायास न करता मिळवलेलं हसू किंवा थरार. 'टॉक इज चीप'ला आपल्याकडे 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' आहे. 'चीप अँड चिअरफुल' ही ब्रिटिश जोडी तर जणू आपली 'स्वस्त आणि मस्त'च: किंमत कमी, थाट नाही, पण मजा पुरेपूर. तिची सावत्र बहीण 'चीप अँड नॅस्टी'.

'डर्ट चीप' आणि 'मातीमोल' शब्दशः जुळतात, पण जपून. 'आय गॉट इट डर्ट चीप' यात घेणाऱ्याचा आनंद आहे. 'टोमॅटो मातीमोल भावाने गेला' यात पिकवणाऱ्याचं दुःख आहे. शेतमालाची बातमी इंग्रजीत करताना 'डर्ट चीप' लिहिलं तर तो तोटा सुगीच्या सेलसारखा वाटेल; तिथे 'थ्रोअवे प्राइसेस' किंवा 'प्राइसेस क्रॅश्ड' हवं. तसंच 'स्वस्तात सुटला' याला 'गॉट ऑफ चीप'पेक्षा 'गॉट ऑफ लाइटली' जास्त रूढ आहे.

शेअर बाजारात चीप म्हणजे लहान आकडा नव्हे. ५० रुपयांचा शेअर वर्षाला १ रुपया कमावत असेल तर तो कमाईच्या ५० पट भावाने विकला जातोय. २,००० रुपयांचा शेअर २०० रुपये कमावत असेल तर फक्त १० पट. या व्यवहाराच्या भाषेत दुसरा चीप, पहिला महाग. संगणकाच्या कामात 'चीप ऑपरेशन' म्हणजे वेळ आणि मेमरी कमी खाणारी क्रिया; तिथे चीप ही चक्क शाबासकी आहे, आणि कोड तपासणाऱ्याने तो शब्द वापरला म्हणून वाईट वाटून घेऊ नये.

राहिला प्रश्न 'चीप अँड बेस्ट'चा. भारतात ही जोडी इतकी रुळली आहे की तिच्यात काही खटकतं हेच जाणवत नाही, आणि भारतीय गिऱ्हाइकासाठी पाटी असेल तर ती खुशाल राहू द्यावी. बाहेरच्या वाचकाला मात्र 'आमचा माल हलका आहे आणि सर्वोत्तमही आहे' असं काहीतरी दिसतं. परदेशी ग्राहकाला पाठवायच्या पत्रकात तिच्या जागी 'एक्सलंट व्हॅल्यू' किंवा 'गुड क्वालिटी अ‍ॅट लो प्राइसेस' लिहावं. होमस्टेच्या जाहिरातीत 'चीप रूम्स नीअर द बीच'ऐवजी 'सिंपल, अफोर्डेबल रूम्स नीअर द बीच'. आणि कोटेशनच्या पत्रात 'अवर रेट्स आर चीपेस्ट'ऐवजी 'अवर रेट्स आर कॉम्पिटिटिव्ह', खाली प्रत्यक्ष आकडे देऊन.